डोळा पाहतो की मेंदू? दृष्टिविज्ञानातील काही संज्ञा

डोळ्यांना बहुधा कॅमेऱ्याची उपमा दिली जाते. पण ती अर्धीच खरी आहे. डोळा प्रकाश गोळा करतो, चित्र मात्र मेंदू घडवतो. ही प्रक्रिया समजण्यासाठी दृष्टिविज्ञानातील पुढील संज्ञा उपयुक्त ठरतात.

दृष्टिपटल : डोळ्याच्या आतील मागच्या बाजूचे प्रकाशसंवेदी अस्तर. यात शलाका आणि शंकू अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे १२ कोटी शलाका मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. सुमारे ६० लाख शंकू उजेडात रंग व बारकावे टिपतात. दृष्टिपटलाच्या मध्याजवळील पीतबिंदूच्या केंद्रस्थानी शंकूंची सर्वाधिक दाटी असते. वाचन करताना किंवा सुई ओवताना याच भागाचा उपयोग होतो.

दृष्टितीक्ष्णता : बारीक तपशील वेगळे ओळखण्याची क्षमता. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये त्यासाठी अक्षरांचा तक्ता तयार केला. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते ६ मीटरवरूनच ओळखता येत असेल, तर त्या डोळ्याची दृष्टी ६/६० अशी नोंदवतात.

तमानुकूलन : अंधाराशी जुळवून घेण्याची क्रिया. चित्रपटगृहात शिरताच काही दिसत नाही, हळूहळू खुर्च्या दिसू लागतात. शंकूंचे अनुकूलन सुमारे १० मिनिटांत होते, शलाकांना अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. शलाकांतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य तयार होण्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडल्यास रातांधळेपणा येतो.

रंगदृष्टी : डोळ्यात रंगांचे तीन प्रकारचे ग्राहक असावेत, अशी कल्पना थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडली व हेल्महोल्ट्झ यांनी ती विकसित केली. लाल व हिरव्या रंगांशी निगडित जनुके 'एक्स' गुणसूत्रावर असल्याने रंगांधतेचे प्रमाण पुरुषांत अधिक आढळते. रंगांध व्यक्तींपैकी बहुतेकांना रंग दिसतात, केवळ काही छटांतील फरक कळत नाही.

रंगस्थैर्य : पांढरा सदरा उन्हातही पांढरा दिसतो आणि पिवळ्या दिव्याखालीही. डोळ्यात शिरणारा प्रकाश बदलतो, परंतु मेंदू प्रकाशाच्या स्वरूपाचा हिशेब धरून वस्तूचा रंग ठरवतो.

अंधबिंदू : दृष्टिचेता जेथून बाहेर पडते, तेथे प्रकाशसंवेदी पेशी नसतात. एदम मॅरिओट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हा भाग दाखवून दिला. कागदावर डावीकडे फुली व उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीकडे पाहत कागद जवळ आणावा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. तेथे काळे भोक मात्र दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या रंगाने ती जागा भरून काढतो.

दृष्टिक्षेत्र : नजर एका बिंदूवर स्थिर असताना दिसणारा सर्व परिसर. काचबिंदूत बहुधा प्रथम कडेचे क्षेत्र कमी होते. मेंदूच्या भरून काढण्याच्या सवयीमुळे आणि दुसऱ्या डोळ्याच्या मदतीमुळे रुग्णाला ते जाणवतही नाही. तक्त्यावरची अक्षरे नीट वाचता येतात, म्हणून डोळे निरोगी आहेत, असे समजणे त्यामुळेच धोक्याचे ठरते. गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरलेली मात्र वेळीच उपचार केल्यास जपता येते.

मंददृष्टी : यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरातील मोठ्या फरकामुळे मेंदू एका डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. बालपणीच्या अनुभवावर मेंदूतील दृष्टिकेंद्राची जडणघडण अवलंबून असते, हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन व्हीजल यांनी मांजरीच्या पिल्लांवरील प्रयोगांतून दाखवले. दृष्टिसंस्थेवरील संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी हे उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत सर्वाधिक गुणकारी ठरतात.

एका डोळ्याने नीट दिसणारे मूल सहसा तक्रार करीत नाही, कारण त्याला जग तसेच माहीत असते. म्हणूनच शाळेत जाण्यापूर्वी मुलाचा प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासून घेणे आवश्यक आहे.