एकाच क्रमांकाची दोन कलमे

सातारा किंवा सांगली येथील न्यायालयात आज एखाद्या मुलाचा ताबा आईकडून अथवा बापाकडून काढून घेण्याचा प्रश्न उभा राहिला, की युक्तिवाद अखेरीस ‘मुलाचे कल्याण’ या दोन शब्दांपाशी येऊन ठेपतो. या शब्दांना कायद्याचे अधिष्ठान दिले ते 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने. त्याचे सतरावे कलम सांगते की, पालक नेमताना न्यायालयाने मुलाचे वय, लिंग, धर्म पाहावा, नियोजित पालकाचे चारित्र्य व कुवत पाहावी, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची स्वतःची इच्छाही विचारात घ्यावी. त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम तर बापाच्या बाबतीत फारच हळवे होते. बाप हयात असेल आणि अपात्र ठरला नसेल, तर दुसरा पालक नेमण्याचा अधिकारच न्यायालयाला नव्हता. (या कलमात बापाच्या शेजारी आईला जागा मिळण्यासाठी 2010 साल उजाडावे लागले. त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.)

आम्हांला येथे बोलायचे आहे ते दुसऱ्या एका सतराव्या कलमाविषयी. ते 1924 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातले. 1911 च्या कायद्यातही ते त्याच क्रमांकाने होते, आणि हा 1911 चा कायदाच मुंबई इलाख्याला लागू झाला. या कलमान्वये प्रांतिक सरकारला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी करून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहवजा शाळांत ठेवता येत असत. मूल म्हणजे कोण, तर सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील कोणीही. वयाविषयी वाद झाला तर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. ज्या अधिसूचनेने जमात गुन्हेगार ठरे, तिच्या वैधतेची शहानिशा करण्यासही कोर्टांना मनाई होती. त्याआधी, 1897 च्या दुरुस्तीने, चार वर्षांच्या मुलापर्यंत हा हात पोहोचला होता.

वाचकांनी ही दोन कलमे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात अर्ज आहे, सुनावणी आहे, अपील आहे. बाप अपात्र आहे हे तेथे सिद्ध करावे लागते. दुसऱ्यात बाप जन्मानेच अपात्र आहे, म्हणून त्याला विचारायचेच कारण उरत नाही. पहिल्यातून निकालपत्रे निर्माण झाली, आणि निकालपत्रांत का होईना, भांडणाऱ्या आईबापांचा आवाज उरला. दुसऱ्यातून निर्माण झाल्या त्या याद्या, नोंदवह्या आणि हजेरीपट.

हजेरी हा शब्द मराठी कादंबरीच्या वाचकाला परका नाही. अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यात मोडते. 1920 साली ते जन्मले तेव्हा हा मुलूख साताऱ्याचा होता. (दक्षिण सातारा हा जिल्हा 1949 चा, त्याला सांगली हे नाव मिळाले 1960 मध्ये.) ‘फकिरा’ची आपल्याकडे बहुधा बंडाची कथा म्हणून वाखाणणी होते. ती चुकीची नव्हे. परंतु जमातीच्या नावावर माणसाची मोजदाद करणाऱ्या राज्यात घर करून राहणे म्हणजे काय, हेही त्या कादंबरीत आहे, आणि वर्गात शिकवताना ते हमखास निसटते.

1924 हे साल साताऱ्याच्या इतिहासात आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच वर्षी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथेही मुले आईबापांपासून दूर राहत, तीही सर्व जातींची, एका पंगतीला जेवून. पण ती आणलेली होती, उचललेली नव्हती. भाऊराव गावोगाव हिंडत, आईबापांची समजूत घालत. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. दोन्हीकडे शब्द एकच होते: शाळा, शिस्त, हातांना काम. फरक होता तो दाराशी उभ्या असलेल्या बापाला कोणी काही विचारले की नाही, एवढाच. आमच्या मते तो फार मोठा फरक आहे. वसाहतींची व्यवस्था पाहणाऱ्या काही अधिकाऱ्यांचा हेतू प्रामाणिक होता, असे सांगितले जाते. असेलही. हेतू प्रामाणिक असल्याने संमतीची उणीव भरून निघत नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, 1980 मध्ये, फलटण भागातील कैकाडी कुटुंबात वाढलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. त्यातील बाप बुरुडकाम करीत, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारा आहे. कायद्याच्या जुन्या भाषेत तो मूल सांभाळण्यास नालायकच ठरला असता. तोच बाप जमातीचा विरोध सोसून, कोणाच्याही हुकुमावाचून, मुलाला शाळेत घालतो.