उदबत्तीतला ऊद आणि तारांचा ऊद



रोज सकाळी आपण देवापुढे उदबत्ती लावतो. या शब्दातला ‘ऊद’ मूळचा अरबी. त्याचा अर्थ लाकूड. अरबीत सुगंधी लाकडाला ऊद म्हणतात, आणि एका तंतुवाद्यालाही ऊदच म्हणतात. आज त्या वाद्याची गोष्ट सांगते. कारण असा एक जुना ऊद आमच्या घरी आला, आणि आम्ही तो अज्ञानापायी मोडायलाच काढला होता.

माझी नणंद मस्कतला घरकामाला होती. तिथलं एक कुटुंब घर बदलताना जुनं सामान काढत होतं. त्यातला ऊद हिने पगारातले पैसे देऊन घेतला. तिथे रोज संध्याकाळी तो कानावर पडायचा, आपणही शिकावं असं तिच्या मनात होतं. गावी आल्यावर मात्र सगळे म्हणाले, “अगं, चार बांगड्या आणायच्या सोडून हे काय उचलून आणलंस?”

दोन तारा तुटलेल्या होत्या. आम्ही तो तालुक्याला एका दुकानात नेला. त्यांनी सतारीच्या पोलादी तारा चढवल्या आणि खुंट्या पिळून घट्ट केल्या. तिसऱ्या दिवशी फट्‌कन आवाज झाला. घोडी तबलीवरून उखडून आली होती. नणंद काही बोलली नाही. तिने ऊद चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. मला ते लागलं. म्हणून मी या वाद्याची माहिती शोधायला बसले.

आपली सतार किंवा तंबोरा भोपळ्यावर उभा राहतो. पंढरपूरकडचे भोपळे मिरजेला जातात. शस्त्रांचा धंदा मंदावल्यावर तिथल्या शिकलगार कारागिरांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. उदाला भोपळा नसतो. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकीला एक चिकटवून त्याची गोल पाठ करतात. पुढची तबली तर फारच पातळ. घोडी तिच्यावर नुसती सरसाने चिकटवलेली असते. तारांचा सगळा ताण त्या घोडीवर येतो. पूर्वी तारा आतड्याच्या आणि रेशमाच्या असत, आता नायलॉनच्या असतात. पोलादाचा ताण सोसायला हे वाद्य केलेलंच नाही. आमचं चुकलं ते इथेच.

हे वाद्य फार जुनं आहे. बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये खलिफांच्या दरबारात त्याचा मोठा मान होता. तिथलाच झिर्याब नावाचा गवई सन 822 मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाला पोचला. तोवर उदाला चार तारा असत, त्याने पाचवी घातली आणि लाकडी नखीऐवजी गरुडाचं पीस वापरलं, असं सांगतात. अरबी ‘अल-ऊद’ युरोपात गेला, तेव्हा त्याचा ‘ल्यूट’ झाला.

पण मैत्रिणींनो, त्या दरबारात ऊद वाजवणाऱ्यांत बायका किती होत्या, हे मला माहीतच नव्हतं. त्यांना ‘कियान’ म्हणत. त्यातल्या बहुतेक गुलाम होत्या. मुलींना लहानपणापासून गाणं, कविता आणि ऊद शिकवायचं आणि मग जास्त दामाला विकायचं, असा तो बाजार. कला येते म्हणून किंमत वाढायची, पण ती किंमत धन्याच्या खिशात जायची. त्यांच्यातलीच एक अरीब. सन 797 चा तिचा जन्म. ती स्वतः कविता करायची, चाली बांधायची. खलिफा मुअतसिमने तिला गुलामीतून मुक्त केलं. पुढे ती नव्वदी पार करेपर्यंत जगली. दहाव्या शतकात ‘किताब अल-अगानी’ म्हणजे गाण्यांचा ग्रंथ झाला, त्यात तिची हकीकत आहे. तिला विकत घेणारे किती झाले, पण आज बाराशे वर्षांनी आपण नाव घेतोय ते तिचं.

ओमानचा उदही आपल्याला अगदी परका नाही. सूर गावचे सालिम राशिद सुरी हे खलाशी गवई ऊद घेऊन मुंबईत राहिले होते. त्यांच्या गाण्याच्या तबकड्या मुंबईत निघाल्या. अरबीबरोबर ते उर्दूतही गायचे.

हे सगळं नणंदेला सांगितलं, तेव्हा तिने स्वतःच ऊद माळ्यावरून काढला. आम्ही दोघी एस.टी.ने मिरजेला गेलो. तिथल्या एका कारागिराने आधी वाद्य उलटसुलट करून नीट पाहिलं आणि पट्टीने तारेची लांबी मोजली. तुर्की ऊद साधारण साडेअठ्ठावन्न सेंटीमीटरचा असतो आणि त्याचा सूर जरा चढा लावतात. अरबी ऊद थोडा लांब, साधारण एकसष्ट सेंटीमीटरचा, आणि सूर उतरता. हे न बघता तारा आवळल्या तर एक तर तार तुटते, नाही तर घोडी सुटते.

तुमच्यापैकी कुणाकडे असा जुना ऊद आला, तर आधी तबली फुगली आहे का, घोडीखाली फट आहे का, पाठीच्या पट्ट्या उकलल्या आहेत का, ते बघा. खुंटी सरकत असेल तर जोर करू नका, तिला थोडा खडू लावा. तारा बहुधा अकरा असतात, पाच जोड्या आणि खर्जाची एक सुटी. सूर लावायची अरबांची नेहमीची एक रीत अशी: सुटी तार सा धरायची, मग म आणि ध, वरच्या सप्तकात रे आणि प, आणि त्याच्याही वर सा. एका दिवसात सूर गाठायचा नाही. थोडं आवळायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

उदाला पडदे नसतात, म्हणून स्वराची जागा कानानेच शोधावी लागते. सुरुवातीला बोट चुकतं. नणंदेचंही चुकतं. पण रात्री भांडी आवरली की ती अर्धा तास बसते. परवा ओवीची चाल जमली, तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, “परत वाजव गं.” बांगड्यांचं आता कुणी काढत नाही.