बाइकला स्वस्त वायरलेस डिमर लावताय? आधी टेबलावर या ५ चाचण्या करा

हात गरम ठेवणाऱ्या हीटेड ग्रिप, घाटासाठी जादा फॉग लाइट, आतून गरम होणारं जॅकेट. लेह-लडाखच्या तयारीत असलेल्या बाइकवर हा सरंजाम हमखास दिसतो. त्याचा जोर कमी-जास्त करायला अनेक जण एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्टचा रिमोटवाला डिमर वापरतात. तो स्वस्त असतो आणि हँडलपर्यंत वायर ओढावी लागत नाही. पण घरातल्या सजावटीसाठी बनवलेली ही डबी बाइकवर टिकेल का?

डिमर काम कसं करतो?

हा डिमर व्होल्टेज कमी करत नाही. त्यातला मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. निम्मा वेळ चालू राहिला, तर ग्रिपला साधारण निम्मी उष्णता मिळते. या पद्धतीला पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजेच पीडब्ल्यूएम म्हणतात.

किती अँपिअरचा घ्यायचा?

वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १२ व्होल्टवर ३६ वॅटच्या ग्रिप ३ अँपिअर घेतात. पण इंजिन सुरू असताना बाइकचं व्होल्टेज १४ च्या आसपास जातं. त्याच ग्रिप मग साडेतीन अँपिअर, म्हणजे ४९ वॅट ओढतात. त्यामुळे डबीवर छापलेला आकडा गरजेच्या किमान दुप्पट असलेला बरा.

घरी काय तपासायचं?

१. उष्णता: १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, डिमर आणि ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. डिमरची मर्यादा त्याहून जास्त असेल तरच हा बल्ब लावा. फुल आणि निम्म्या जोरावर अर्धा-अर्धा तास चालवा. डबीला हात लावून धरवत नसेल, तर ती बाइकवर नको. बल्ब प्रचंड तापतो, तो फरशीवर ठेवा.

२. गळती: रिमोटने बंद केल्यावरही रिसीव्हर जागा असतो. मल्टिमीटरने त्याचा करंट मोजा. तो १० मिलिअँपिअर असेल, तरी महिनाभरात ७ अँपिअर-अवरपेक्षा जास्त चार्ज जातो. बऱ्याच बाइकची अख्खी बॅटरी तेवढीच असते.

३. आठवण: वीज तोडून पुन्हा जोडा. डिमर आधीच्या पातळीवर येतो, फुल होतो की बंद राहतो, हे आधीच कळायला हवं.

४. अर्थिंग: असे अनेक डिमर निगेटिव्ह बाजू तोडतात. अॅक्सेसरीची निगेटिव्ह वायर थेट चॅसीला असेल, तर करंट डिमरला वळसा घालतो आणि दिवा कायम फुल राहतो. मल्टिमीटरने इनपुट आणि आउटपुटच्या निगेटिव्ह टोकांमध्ये थेट जोडणी आहे का ते बघा. पॉझिटिव्ह टोकं आतून जोडलेली आढळली, तर अॅक्सेसरीच्या दोन्ही वायर डिमरलाच न्या.

५. रिमोट: इंजिन सुरू ठेवून, हातमोजे घालून बटणं दाबा. प्रत्येक वेळी प्रतिसाद मिळतो का ते बघा.

बसवताना काय काळजी घ्यायची?

डिमरला वीज इग्निशनवर चालणाऱ्या रिलेतून द्या. म्हणजे चावी काढली की सगळं बंद. रिले डिमरच्या आधी हवा. डिमरच्या पुढे लावला, तर तो नीट चालणार नाही. बॅटरीजवळ फ्यूज टाका, डबी पाण्यापासून आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब ठेवा. मोबाइल चार्जर आणि हॉर्न या डिमरवर नकोत. आतच ड्रायव्हर सर्किट असलेले एलईडी दिवे लुकलुकू शकतात, तेही आधी तपासा.

फ्यूज असताना भीती कशाची?

मॉस्फेट बिघडतो तेव्हा अनेकदा तो कायमचा चालू राहतो. ग्रिप फुल तापतात, रिमोट काही करू शकत नाही. करंट नेहमीच्या मर्यादेत असल्यामुळे फ्यूजही उडत नाही. त्यासाठी हाताशी एक साधा स्विच हवाच. आणि उलट बिघाड झाला, तर दिवा विझतो. म्हणून रात्रीच्या घाटात ज्याच्यावर भिस्त आहे, तो मूळ हेडलाइट या डिमरवर कधीही जोडू नका.