इंजिनिअरला काय आले पाहिजे?



दरवर्षी बारावीचे निकाल लागले, की घरोघर एकच विचारणा सुरू होते : मुलाला इंजिनिअरिंगला जागा कोठे मिळणार? कॉलेज कोणते, शाखा कोणती, फी किती, ह्याची चौकशी कसोशीने होते. पण त्या चार वर्षांत त्याला शिकविणार काय, आणि तेच का, हे सहसा कोणी विचारीत नाही. अभ्यासक्रम म्हणजे जणू पंचांग. छापून आले ते पाळावयाचे! परंतु अभ्यासक्रमालाही इतिहास असतो. आणि तो इतिहास असे सांगतो, की इंजिनिअरला काय आले पाहिजे हे ज्याने ठरविले, त्याने इंजिनिअर कोणासाठी हवा हेही त्याच वेळी ठरवून टाकले.

पुण्याचेच उदाहरण घ्या. 1853 साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि 1854 साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. रस्ते, पूल, कालवे, धरणे ह्यांची कामे सरकारने हाती घेतली होती; त्यांवर देखरेख करण्यास साहेबाच्या हाताखालची माणसे हवी होती. म्हणून शिकवावयाचे काय, तर जमिनीची मोजणी, नकाशे, बांधकाम आणि खर्चाचा अंदाज. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि एल. सी. ई. ही परीक्षा सुरू झाली. ह्यातले पहिले अक्षर ‘लायसन्शिएट’चे, म्हणजे परवानाधारकाचे. विद्येपेक्षा परवान्याचे महत्त्व त्या नावातच दिसते.

ह्याच अभ्यासक्रमातून 1883 साली मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या चढउताराबरोबर आपोआप उघडमीट करणारे दरवाजे त्यांनी बसविले. बुद्धिमान माणूस अभ्यासक्रमाच्या चौकटीत मावत नाही, हे खरे. पण चौकट चौकटच होती. बांधकामाची विद्या तिच्यात होती. कारखाना काढण्याची नव्हती. यंत्रविद्येची पदवी पुण्यास मिळू लागली, ती विसावे शतक उजाडल्यावर.

नेमका हा उणेपणा आपल्या वडोदऱ्यात ओळखला गेला. 1890 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे दिली. गज्जरांपुढे खात्याची गरज नव्हती. रंगारी, विणकर, सुतार ह्यांच्या बुडत चाललेल्या धंद्यांची होती. तेव्हा तेथे रंगविद्या, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय आले, आणि शिकविण्याची भाषा देशी ठरली. त्यासाठी शास्त्रीय पुस्तके गुजरातीत तयार करवून घेण्याचा उद्योगही झाला. ह्या शिक्षणाचे फळ काय? दादासाहेब फाळके काही काळ ह्याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. आणि 1907 साली ‘अलेम्बिक’ हा रसायनांचा कारखाना निघाला, तो गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन ह्यांच्या उद्योगातून. पुण्याने सरकारला अभियंते दिले. वडोदऱ्याने उद्योगाला माणसे दिली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नलिनीरंजन सरकार समितीने उच्च तंत्रशिक्षणाचा विचार केला, आणि 1951 साली खरगपूरची संस्था उभी राहिली. तेथील अभ्यासक्रमात गणित व मूलशास्त्रांचा पाया भक्कम केला होता, आणि शिवाय मानव्यविद्यांनाही जागा होती. आता इंजिनिअर हवा होता राष्ट्रासाठी. हुकूम बजावणारा नव्हे, तर योजना आखणारा. इकडे 1949 साली कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले. पदवी आली, देशी भाषा मात्र वर्गाबाहेर राहिली.

आजची स्थिती काय आहे? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 साली नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध करून पदवीचा भार 160 श्रेयांकांवर आणला. आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक ह्याचा एक श्रेयांक, असा हा हिशेब. भार हलका करून कारखान्यातील उमेदवारीस जागा केली, हे योग्यच झाले. पण 2021 साली प्रवेशासाठी गणित व पदार्थविज्ञान ह्यांची सक्ती सैल करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा जाणत्यांनी आक्षेप घेतला. तो रास्त होता. ओझे उतरविणे निराळे आणि पाया उकरणे निराळे. गणितावाचून पूल उभा राहील. पण किती दिवस, हे मात्र सांगता येणार नाही.

त्याच 2021 साली परिषदेने मराठी व गुजरातीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली. गज्जरांनी 1890 मध्ये आरंभिलेली गोष्ट 131 वर्षांनी पुन्हा दारी आली. परंतु अनुमती म्हणजे शिक्षण नव्हे. मराठीत ग्रंथ हवेत, ते शिकविणारे अध्यापक हवेत, आणि त्या पदवीधराला नोकरीच्या दारात कमी लेखणार नाही असा समाजही हवा. ग्रंथांवाचून केवळ वर्ग काढले, तर ती मातृभाषेची सेवा न ठरता विद्यार्थ्यांची फसवणूक ठरेल. गज्जरांनी शाळेबरोबर पुस्तकेही मनावर घेतली होती, हे विसरता कामा नये.

म्हणून पालकांना एवढीच विनंती : ह्या वर्षी फी विचाराल, तेव्हा अभ्यासक्रमही मागून घ्या. तो वाचून पाहा, आणि आपला मुलगा किंवा मुलगी तेथे कोणासाठी घडविली जाणार आहे, हे स्वतःला विचारा.