कळलावी आणि अंगठ्याची कळ

श्रावणात आमच्या गावाकडच्या कुंपणावर कळलावी फुलायची. ज्वाळेसारख्या वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या. आजी दटावायची, ‘‘फूल लांबून बघा, मुळाला हात लावू नका.’’ कंद विषारी. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी तो वापरत, त्यावरून हे नाव पडले.

पुढे एका रात्री वडिलांचा पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. चादरीचा स्पर्शही सोसवेना. डॉक्टरांनी गाऊट सांगितला आणि कोल्चिसिनच्या गोळ्या दिल्या: दर तासाला एक, आराम पडेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत! जुलाब आधी लागले. वडील दोन दिवस अंथरुणाला खिळले. हे कोल्चिसिन आहे तरी काय म्हणून शोधायला गेलो, तर आजीची कळलावी समोर आली. तिच्यातही हेच द्रव्य असते.

युरोपात ते मिळाले कोल्चिकम या वनस्पतीतून. काळ्या समुद्रालगतच्या कोल्किस प्रदेशावरून तिचे नाव पडले. सहाव्या शतकात ट्रॅलिसचा वैद्य अलेक्झांडर सांधेदुखीवर तिचा कंद देत असे. (हागिया सोफियाचा एक स्थापत्यकार अँथेमियस हा त्याचा सख्खा भाऊ.) नंतर विषाच्या धास्तीने औषध मागे पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुसाँ नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने गाऊटवर एक गुप्त औषध विकायला काढले आणि ते खूप गाजले. त्यात कोल्चिकमच आहे, हे १८१४ मध्ये लंडनच्या वाँट या शल्यवैद्याने ओळखले. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच वर्षी त्यांनी क्विनाईनही काढले. केवढे ते वर्ष!

गंमत अशी, की हे औषध रक्तातले युरिक ॲसिड कमी करत नाही. सांध्यात युरेटचे सुईसारखे स्फटिक साचतात, ते पाहून पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या हल्ल्यानेच आग होते. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. कोल्चिसिन त्या नळ्यांच्या घटकाला चिकटून बसते आणि धावणाऱ्या पेशीचे पाय लटके पडतात. मात्र शरीरातल्या इतर पेशींनाही याच नळ्या लागतात, म्हणून औषध आणि विष यांत अंतर फार थोडे.

जुनी मात्रा उगीचच मोठी होती, हे २०१० च्या चाचणीने दाखवले. तासाभरात दिलेल्या १.८ मिलिग्रॅमने जवळजवळ तेवढाच आराम पडला, जेवढा ४.८ मिलिग्रॅमने, आणि जुलाब कितीतरी कमी झाले. अमेरिकेने २०२३ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमला मान्यता दिली. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र तो फायदा दिसला नाही.

कोल्चिसिनसाठी लागणाऱ्या कळलावीच्या बिया तामिळनाडूतल्या शेतांतून परदेशी जातात. तिथे ते राज्यफूल आहे. आमच्या कुंपणावर आता वेल उरलेला नाही, कोणीतरी केव्हाच उपटून टाकला.