ढोल, हंगाम आणि हात

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात नाटकाला स्वतंत्र पत्रिका असते, लावणी-पोवाड्याला एखादे प्रकरण मिळते आणि वाद्याला बहुधा एक ओळ. ती ओळही ठरलेली असते: ‘ढोलकी, तुणतुणे, झांज यांची साथ’. साथ म्हणताच वाद्य दुय्यम ठरते आणि ते वाजवणारे हात इतिहासातून निसटतात. प्रस्तुत लेखात आम्ही या निसटलेल्या हातांकडे, त्यांतही कोवळ्या हातांकडे, पाहू इच्छितो. तरुण वादकांचे एखादे पथक एका हंगामात कसे घडते, हा पहिला प्रश्न. तो हंगाम कोणी आणि कोणासाठी उभा केला, हा दुसरा. आमच्या मते दुसऱ्या प्रश्नावाचून पहिल्याचे उत्तर अपुरे राहते.

आमची पाहण्याची जागा आहे बोदलकसा. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील हे गाव विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या जलाशयामुळे नकाशावर ओळखले जाते. गोंदिया हा जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण तलाव, धान आणि जंगल यांनी घडवलेली झाडीपट्टी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा चारही जिल्ह्यांत पसरलेली आहे. येथे ‘हंगाम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक धानाचा, दुसरा नाटकाचा. भाऊबीजेच्या सुमारास गावोगावी मंडई भरू लागते, हलके धान घरात आलेले असते, पाहुणे येतात आणि रात्री दंडार किंवा नाटक उभे राहते. तेव्हापासून होळीपर्यंत झाडीपट्टीची रंगभूमी जागी असते. वडसा (देसाईगंज) हे तिचे व्यापारी केंद्र. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटलेली असतात आणि गावची मंडळी येऊन प्रयोग ठरवून जातात.

या हंगामाची रचना वादकाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दंडारीतला ढोलकीवाला किंवा नाटकाच्या संगीतसाथीतला तबलजी एकच खेळ आज या गावात, उद्या त्या गावात वाजवतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेला संपतो. तालमीत जे बसत नाही ते पंधराव्या-विसाव्या रात्री बसते, कारण तोवर त्याला समोरचा श्रोता कोठे डुलक्या घेतो, कोठे सावध होतो, हे कळलेले असते. येथे गुणपत्रिका नाही, परीक्षक नाही. पुढच्या वर्षीचे बोलावणे हाच निकाल. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या हजारो प्रयोगांचा उल्लेख सर्वत्र झाला. त्या हजारांमागे असे कित्येक हंगाम उभे आहेत आणि त्या प्रत्येक रात्री रंगमंचाजवळ कोणीतरी वाजवत बसलेले होते, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले.

हंगामाने पथक घडवण्याची दुसरी आणि अधिक प्रसिद्ध रीत पुण्याची. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ पासून रुजला आणि त्याबरोबर मेळे आले. एकसारख्या पोशाखातील मुले आणि तरुण कित्येक दिवस तालीम करून, पदे म्हणत, लेझीम खेळत रस्त्यावर उतरत. या मेळ्यांतील राजकीय आशय सरकारला खुपू लागला आणि १९१०च्या सुमारास त्यांच्यावर कडक बंधने आली. पुढे १९२०च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचा छत्रपती मेळा उभा राहिला. म्हणजे तालबद्ध तरुणांची पलटण हे रूप तेच राहिले. ती कोणाच्या बाजूने चालते, हे बदलत गेले.

आज ज्याला आपण ढोल-ताशा पथक म्हणतो, त्याची मुळे मुळशी-मावळच्या खेड्यांतील ढोल-लेझीम आणि झांज पथकांत आहेत. शहरी शाळकरी मुलांच्या हाती ढोल आला तो मुख्यतः शाळांमधून. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने विसर्जन मिरवणुकीत शिस्तबद्ध पथक उतरवण्याची प्रथा रुजवली. पुढे रमणबाग, नूतन मराठी विद्यालय, गरवारे प्रशाला या शाळांच्या नावाची पथके प्रसिद्ध झाली. मुलींच्या कमरेला ढोल बांधला गेला, हा या इतिहासातील मोठा बदल. आरंभी तो कुतूहलाचा विषय होता. आता मुलींवाचून पथकाची कल्पना करवत नाही.

या पथकाची सुधारणा नेमकी कशात असते? बाहेरून पाहणाऱ्याला ती जोरात दिसते. आतल्याला ती एकसंधतेत जाणवते. ढोलाच्या एका पानावर टिपरू पडते, दुसऱ्यावर तळहाताची थाप. ताशा पुढे राहून चाल ठरवतो, बदल सुचवतो, आणि ढोल त्याला उत्तर देतात. वाजवण्याच्या प्रत्येक ठरावीक रचनेला पथकाच्या भाषेत ‘हात’ म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी, नदीकाठी सराव सुरू होतो तेव्हा नव्या मुलांचे दोन दोष हमखास असतात. उत्साहाने लय धावते, आणि मागची रांग पुढच्या रांगेच्या पाठी पडते. दुसऱ्या दोषाचे कारण केवळ आळस नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रांगा ३४ मीटर पसरल्या तर पुढचा ठोका मागच्या वादकाच्या कानी सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. द्रुत लयीत एवढे अंतर स्पष्ट ऐकू येते. म्हणून मागच्या वादकाला कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायला शिकवावे लागते. त्याने ताशेवाल्याची उचललेली काडी पाहायची आणि आपल्याला उशिरा ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मागे जायचे नाही. ‘ऐकू नकोस, पाहा’ ही वादनाच्या शिक्षणात विचित्र वाटणारी सूचना. पण ती अंगी मुरते तेव्हाच शंभर ढोलांचा एक ढोल होतो. दंडारीत वादक आणि नाचणारे हाताच्या अंतरावर असल्याने ही अडचण येत नाही. तेथे कस लागतो तो रात्रभर टिकण्याचा.

हीच समस्या आणि हेच उत्तर सातासमुद्रापार अमेरिकेतील ढोल-बिगूल पथकांत आढळते. पहिल्या महायुद्धानंतर तेथे माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि चर्चसंस्थांनी मुलांची अशी पथके मोठ्या संख्येने चालवली. बावीस वर्षांच्या आतबाहेरची ही मुले उन्हाळाभर गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, दिवसा सराव करतात आणि रात्री मैदानावर स्पर्धेला उतरतात. शंभरपैकी गुण त्याच रात्री जाहीर होतात. जूनमध्ये अडखळणारे पथक ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही, एवढे बदलते. स्पर्धांचे नियम आणि मानधन पूर्वी सैनिक संघटना ठरवीत. १९७१-७२च्या सुमारास पथकांनीच एकत्र येऊन ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था काढली आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली. हंगाम कोणाच्या हाती असावा, हा वाद तेथेही झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

त्या स्पर्धांच्या इतिहासातील एक बदल साहित्याच्या अध्यापकांना विशेष विचार करायला लावील. पूर्वी परीक्षक प्रत्येक चुकीला ठरावीक अंश वजा करीत. चूक मोजायची आणि गुण कापायचे, एवढेच काम. १९८४च्या हंगामापासून ही पद्धत सोडून समग्र परिणाम, रचनेची अवघडता आणि तिची सिद्धी यांचे मूल्यमापन सुरू झाले. चुका मोजल्या जात तेव्हा सोपे आणि सुरक्षित वाजवण्यात शहाणपण होते; मूल्यमापन बदलल्यावर अवघड रचना हाती घेण्याचे धाडस वाढले. लाल शाईने शुद्धलेखनाच्या चुका मोजणारे आपण आणि विद्यार्थ्याच्या निबंधातील धाडस ओळखू पाहणारेही आपणच. कोणत्या परीक्षणाखाली पथक वाढते आणि कोणत्याखाली ते फक्त सावध होते, हा प्रश्न आपल्या वर्गालाही लागू पडतो.

येथवरची कहाणी सुखद आहे, पण ती येथे थांबवली तर अर्धवट होईल. महाराष्ट्रात चामड्याचे वाद्य वाजवणे ही दीर्घकाळ निवड नव्हती. गावाच्या जत्रेत, लग्नात, मयतीत हलगी किंवा डफडे वाजवण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींवर परंपरेने लादलेले होते. त्यात कसब होते, पिढ्यांची साधना होती. पण नकार देण्याची मोकळीक नव्हती. १९२७च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीनत्व लादणारी गावकामे सोडण्याचा आग्रह धरला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अनेक गावांत नवदीक्षित बौद्धांनी सणासमारंभात वाजवणे बंद केले. त्याची किंमत कित्येकांनी बहिष्काराच्या रूपाने मोजली. आमच्या भागाला हा इतिहास परका नाही. १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती याच भंडारा मतदारसंघातून, आणि तीत त्यांचा पराभव झाला.

वाद्य खाली ठेवणे हीदेखील एक सांगीतिक घटना आहे, असे आम्हांला वाटते. ज्या हातांनी ते खाली ठेवले त्यांनी कलेचा द्रोह केला नाही. सक्तीच्या हंगामातून स्वतःला सोडवून घेतले. त्याच काळात आंबेडकरी जलशांनी ढोलकी पुन्हा हाती घेतली, भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी ती गावोगाव नेली. वाद्याची जात तीच, चामडे तेच, पण आता वाजवणारा कोणाच्या हुकमाने वाजवत नव्हता. वेठीचा ढोल आणि सरावाचा ढोल यांतला फरक आवाजात शोधून सापडत नाही. तो वाजवणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते की नाही, यात असतो.

या दृष्टीने पाहिले की आजच्या पथकांचा अभिमान अधिक नेमका समजतो. शहरातील विद्यार्थिनी दोन महिने सराव करून, खांदे भरून आले तरी हसत वाजवते, कारण तिने तो हंगाम स्वतः निवडलेला आहे. तिचा आनंद खरा आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ढोलाच्या प्रतिष्ठेचा प्रारंभ आपल्यापासून झाला, असे तिने समजू नये. त्या प्रतिष्ठेत ज्यांनी वाद्य खाली ठेवले त्यांचाही वाटा आहे. वाजवणे हे ऐच्छिक असते, ही गोष्ट त्यांनी प्रथम सिद्ध केली.

सार्वजनिक जागेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील पथकांच्या वादकसंख्येवर तीसची मर्यादा घातली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत एका बाजूला परंपरा आणि दुसऱ्या बाजूला आजारी माणसाची झोप, अशी मांडणी झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण शंभर ढोलांचे वैभव आणि तीस ढोलांचे कसब यांत निवड करण्याची वेळ आली, तर एका अर्थी दंडारीचा ढोलकीवाला आपले मत कधीच देऊन बसला आहे. एका ढोलकीवर त्याने रात्र जागवली आहे.

गोंदिया जिल्ह्याच्याच सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कथा अशी की, काली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि दारावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या प्रयत्नांना हिरासुका पाटालीर या वादकाची साथ मिळाली. त्याच्या किंगरीच्या सुरांनी मुलांमध्ये बळ संचारले, शिळा ढळली, मुले बाहेर आली. वादक मात्र त्याच शिळेखाली सापडला. कोंडलेल्या मुलांना वाद्याने एकत्र बळ दिले, ही कल्पना आमच्या परिसराने शतकानुशतके जपली आहे. एकेकट्या मुलाच्या बळाने जी शिळा हलत नाही, ती सर्वांनी एका तालात जोर लावला की हलते. पथक म्हणजे दुसरे काय?

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी येथे बरेच काम शिल्लक आहे. पथकांच्या ‘हातां’ची नावे, झाडीबोलीतील वाद्यांचे आणि ठेक्यांचे शब्द, मंडईतल्या वादकांच्या तोंडची मानधनाची आणि अपमानाची आठवण, बौद्ध वस्तीतील वृद्धांनी सांगितलेली डफडे बंद झाल्याची कहाणी, हे सारे आज केवळ माणसांच्या स्मरणात आहे. नाट्यसंहिता छापल्या जातात, जाहिरातींचे फलक जपले जातात. वादकाच्या हाताचे घट्टे कोणत्याही ग्रंथालयात ठेवता येत नाहीत. ते आहेत तोवर भाऊबीजेनंतर एखाद्या मंडईला जावे, नाटकातील नायकाकडून नजर काढून ढोलकीवाल्याकडे वळवावी आणि खेळ संपल्यावर त्याला त्याचे नाव विचारून लिहून घ्यावे. पुढच्या अभ्यासाची सुरुवात त्या नावापासून होईल.