मोबाईलवरचे थेट प्रक्षेपण : एक ऐतिहासिक आढावा

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा आम्ही जुने कागद, फोटो, इतिवृत्ताची वही असे सर्व साहित्य गोळा करायला बसलो. पायाभरणीचे कृष्णधवल फोटो मिळाले. बुद्धमूर्तीच्या मिरवणुकीची व्हिडिओ कॅसेट एका मावशींनी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत जपून ठेवलेली होती, तीही मिळाली. मात्र १४ एप्रिल २०२० ची जयंती, म्हणजे टाळेबंदीतली जयंती, जी आपण सर्वांनी घरात बसून मोबाईलवर पाहिली, तिचे काहीच सापडले नाही! ज्या मुलाने त्या दिवशी विहारातून 'लाईव्ह' केले, त्याचा नंबर पुढे बदलला, जुन्या खात्याचा पासवर्ड त्याला आठवेना, आणि आमच्यापैकी कुणीही तो व्हिडिओ उतरवून ठेवलेला नव्हता. दोष त्या मुलाचा नाही, आम्हा सर्वांचाच आहे. जुन्या काळचे सगळे आहे आणि काल-परवाचे नाही, हे कसे झाले?

हा प्रश्न मनाला लागला, म्हणून या साधनाचा थोडा इतिहास आपल्या समाजबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. आज शाळकरी पोरगेही बोटाच्या एका टोकाने जे करते, ते कुठून आले, कुणाच्या कामाला आले आणि त्यातले काय उरले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

गाडीतला कॅमेरा हातात आला

आमच्या लहानपणी थेट प्रक्षेपण म्हणजे २६ जानेवारीचे संचलन, नाहीतर क्रिकेटची मॅच. त्यासाठी दूरदर्शनची मोठी गाडी यायची, वायरींची भेंडोळी, उंच मचाण, दहा-पंधरा माणसे. ती गाडी कुठे उभी राहणार हे ठरवणारे कुणी वेगळेच असत. आपल्या वस्तीच्या तोंडाशी ती कधी उभी राहिल्याचे आम्हांस आठवत नाही. जिथे गाडी नाही, तिथे घडलेले जगाने पाहिले नाही, असा तो सरळ हिशेब होता.

इंटरनेटवरून थेट चित्र पाठविण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक २४ जून १९९३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे झाला. 'सिव्हियर टायर डॅमेज' नावाच्या एका हौशी वाद्यवृंदाचे गाणे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातून प्रक्षेपित झाले आणि ते ऑस्ट्रेलियात बसलेल्यांनीही पाहिले. पण त्यासाठी मोठी यंत्रणा लागली. पुढे १९९९-२००० च्या सुमारास जपानमध्ये कॅमेरा असलेले मोबाईल फोन बाजारात आले. १ ऑक्टोबर २००१ रोजी तिथेच 'थ्री-जी' सेवा सुरू झाली आणि फोनवर एकमेकांचा चेहरा पाहत बोलता येऊ लागले. पण ते एकाने एकाशी बोलणे होते. एकाने हजारांना दाखवणे अजून दूरच होते.

१९ मार्च २००७ रोजी जस्टिन कान नावाच्या अमेरिकन तरुणाने टोपीला कॅमेरा बांधला, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप ठेवला आणि आपला सगळा दिवस इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. लोक हसले. पण त्याच सुमारास 'क्विक' ही अमेरिकन आणि 'बॅम्ब्यूझर' ही स्वीडनमधील कंपनी अशा दोघी पुढे आल्या, आणि नोकियाच्या एन-९५ सारख्या फोनमधून पिशवी नाही, लॅपटॉप नाही, नुसत्या फोनवरून थेट चित्र जाऊ लागले. दूरदर्शनची ती आख्खी गाडी जणू माणसाच्या खिशात आली.

हे चालते कसे?

याचे तंत्र समजायला अवघड नाही. कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे घेतो. ती सगळी जशीच्या तशी पाठवायची तर कुठलाच मनोरा पुरणार नाही. म्हणून फोन अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो आणि मधल्या चित्रांत जेवढे बदलले तेवढेच कळवतो. भन्तेजी आसनावर स्थिर बसून प्रवचन देतात तेव्हा बदल थोडा, म्हणून चित्र स्वच्छ दिसते. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम सुरू झाली, की सगळेच हलते आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. त्यात हजारो फोन एकाच मनोऱ्यावर भार टाकतात. मग मुले म्हणतात, "नेट गंडलंय!" गंडत काही नाही, दार लहान आणि माणसे फार, असा तो प्रकार.

फोनवरून निघालेली माहिती लहान लहान तुकड्यांनी कंपनीच्या मोठ्या संगणकावर जाते. तिथे तिच्या लहान-मोठ्या प्रती होतात आणि ज्याचे नेट जसे, त्याला तशी प्रत मिळते. म्हणून प्रत्येकाला ते थोडे मागेपुढे दिसते. २०२० च्या जयंतीला हे आपण कानांनी ऐकले आहे. भन्तेजी विहारात त्रिशरण देत होते. एका खोलीतून "बुद्धं सरणं" ऐकू यायचे, शेजारच्या खोलीतून ते चार-पाच सेकंदांनी, आणि वरच्या मजल्यावरून त्याहून उशिरा. सगळ्या चाळीत त्रिशरण घुमत होते. बायाबापड्यांनी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला होता आणि पांढरी साडी नेसून, हात जोडून त्या समोर बसल्या होत्या.

या तंत्रातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. साधे शूटिंग फोनमध्येच राहते. फोन हिसकावला, फोडला, की ते संपले. थेट प्रक्षेपण तसे नाही. फोन हिसकावला जाईपर्यंतचे चित्र कधीच दूर गेलेले असते. साक्षीदाराचे तोंड दाबले तरी त्याने तोवर सांगितलेले पुसता येत नाही. या एका गुणामुळे हे खेळणे जगभरच्या गांजलेल्या माणसांच्या हातात हत्यार झाले.

सत्ता, कॅमेरा आणि सामान्य माणूस

जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध जनता रस्त्यावर उतरली. तरुण मुले फोनवरून बॅम्ब्यूझरद्वारे मोर्चे थेट दाखवू लागली. सरकारने काय केले? आंदोलन सुरू होताच ती सेवा अडवली. २८ जानेवारीला तर जवळजवळ सगळ्या देशाचे इंटरनेट तोडले, ते २ फेब्रुवारीला परत आले. ११ फेब्रुवारीला मुबारक यांना पायउतार व्हावे लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सीरियातील होम्स शहरावर तोफा डागल्या जात होत्या. परदेशी पत्रकारांना तिथे पोहोचणे महाकठीण होते. तिथल्या रहिवाशांनी फोनवरून दाखवलेला धूर मोठमोठ्या वृत्तवाहिन्यांनी जगाला दाखवला. तिथल्या सरकारनेही बॅम्ब्यूझर बंद केले. बंदी कशावर येते? ज्याची भीती वाटते त्यावर!

लोकशाही देशातही हा अनुभव आला. २२ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बंदुकांवरील निर्बंधांच्या मागणीसाठी विरोधी पक्षाच्या सभासदांनी जमिनीवर ठाण मांडले. त्यांचे पुढारी होते जॉन लुईस, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले, १९६५ साली सेल्मा येथील पुलावर पोलिसांच्या लाठीने डोके फुटलेले लढवय्ये. सभागृह तहकूब झाले आणि नियमाप्रमाणे आतले अधिकृत कॅमेरे बंद झाले. तेव्हा खासदार स्कॉट पीटर्स यांनी आपला फोन काढला आणि 'पेरिस्कोप' या ॲपवरून ठिय्या दाखवायला सुरुवात केली. सी-स्पॅन या वाहिनीने तेच फोनवरचे चित्र देशभर दाखवले. ठिय्या जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र चालला. कॅमेऱ्याची कळ कुणाच्या हाती असावी, हा प्रश्न खासदारालाही सुटलेला नाही, तिथे तुम्ही-आम्ही कोण?

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ६ जुलै २०१६ रोजी, मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गाडी थांबवून गोळ्या घातल्या. शेजारी बसलेली त्याची सोबतीण डायमंड रेनॉल्ड्स हिने लगेच फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केले. मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी होती. समोर पिस्तूल रोखलेला पोलीस, शेजारी रक्ताने माखलेला माणूस, आणि ही बाई शांत आवाजात काय घडले ते जगाला सांगत होती. लाखो लोकांनी ते पाहिले, लोक रस्त्यावर आले, पोलिसावर खटलाही झाला. पण जून २०१७ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. साक्ष असणे वेगळे आणि न्याय मिळणे वेगळे. साक्षीशिवाय न्यायाची गोष्टच निघत नाही हे खरे, पण नुसत्या साक्षीने तो मिळतो असेही नाही.

हत्याराला दोन्ही बाजूंनी धार असते. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च येथे मशिदींत प्रार्थनेला आलेल्या ५१ जणांचा एका वंशद्वेष्ट्याने बळी घेतला आणि तो संहार त्याने स्वतः फेसबुकवर थेट दाखवला. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. म्हणून आलेला प्रत्येक व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी आपण क्षणभर थांबले पाहिजे.

आपल्या दारी

आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि हे साधन गरिबाच्या आवाक्यात आले. मग करोना आला. ६ डिसेंबर २०२० रोजी चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले आणि तिथले थेट प्रक्षेपण घरोघर पाहिले गेले. दरवर्षी दादरला जाणारी आमची म्हातारी माणसे मोबाईलपुढे बसून रडली. एक आजी म्हणाल्या, "बाबांपाशी जाता आलं न्हाई, पण बाबा घरी आले."

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे मांडायला आपले पत्र हवे होते. शंभर वर्षांनी तसे साधन प्रत्येकाच्या हाती आले. पण 'मूकनायक' आज आपण वाचू शकतो, तो कुणीतरी अंक जपले म्हणून. पुढे महाराष्ट्र शासनाने ते पुस्तकरूपाने छापले. मोबाईलवरचे अंक कोण जपणार? जस्टिन कानच्या कंपनीने २०१४ साली आधी साठवलेले व्हिडिओ काढून टाकले आणि मग ती सेवाच बंद केली. क्विक २०१६ मध्ये संपले, पेरिस्कोप ३१ मार्च २०२१ ला. ज्या बॅम्ब्यूझरवर होम्सचा धूर दिसला, ती कंपनी २०१९ पासून थेट चित्रावरून माल विकण्याच्या धंद्याकडे वळली. फेसबुकने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले, की नवीन थेट व्हिडिओ ३० दिवसच ठेवले जातील. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेले धान्य आपले कसे म्हणायचे?

म्हणून विहार समितीने ठरविले आहे, की यापुढे लाईव्ह विहाराच्या स्वतःच्या खात्यावरून होईल, पासवर्ड दोघांजवळ असेल, व्हिडिओ त्याच रात्री उतरवून दोन ठिकाणी ठेवला जाईल, आणि तारीख, वक्ते व शूटिंग करणाऱ्याचे नाव इतिवृत्ताच्या वहीत लिहिले जाईल. वही, शाई आणि सही, यांना अजून पर्याय नाही.

आणि एक कळकळीची विनंती. १४ एप्रिल २०२० चे ते लाईव्ह कुणाच्या जुन्या फोनमध्ये, कुणाच्या मेमरी कार्डात, दोन मिनिटांचे का होईना, राहिले असेल, तर रविवारच्या वंदनेनंतर विहारात आणून द्यावे. त्या दिवशी जे हात जोडून समोर बसले होते, त्यातले काहीजण आज आपल्यात नाहीत. पुढच्या पिढीने विचारले, की त्या वर्षी तुम्ही जयंती कशी केली, तर दाखवायला आपल्यापाशी काहीतरी असले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!